घरचें बर्फ उडविणारें यंत्र : बळ कोणतें आणि टिकाऊपणा कशांत ?

मृग लागण्यापूर्वीं घर शाकारून घेणें, लांकूडफांटा आंत भरणें आणि आगोटीची बेगमी करणें, हें आपल्याकडील गृहस्थाचें जुनें काम आहे. ज्यानें तें वेळेवर केलें नाहीं त्याला पाऊस शिकवितो, आणि ती शिकवणी स्वस्त पडत नाहीं. आमच्या वाचकांच्या कुटुंबांपैकीं पुष्कळांतील एखादा मुलगा, मुलगी किंवा पुतण्या आज अशा देशीं संसार करीत आहे कीं, जेथें ही आगोट मृगापूर्वीं नव्हे तर कार्तिकापूर्वीं साधावी लागते, आणि आकाशांतून पाण्याऐवजीं बर्फ पडतो. बफेलो, मिनिआपोलिस, टोरांटो, माँट्रियल येथील मराठी घरांत ऑक्टोबर उजाडला कीं एक प्रश्न हटकून निघतो : यंदां बर्फ उडविणारें यंत्र घ्यावें काय, आणि घ्यावयाचें तर कोणतें ? या यंत्रास तिकडे स्नोब्लोअर म्हणतात. मुलांकडे मुक्कामास गेलेल्या वडील मंडळींना अशा वेळीं आपलें मत द्यावेसें वाटतें. परंतु ज्या वस्तूशीं जन्मांत संबंध आला नाहीं तिजविषयीं मत तें काय देणार? म्हणून या यंत्राची निवड कशी करावी, त्याचें बळ कशांत पाहावें आणि तें वर्षानुवर्षें टिकावें यासाठीं काय करावें, हें थोडें सविस्तर सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फावड्याचें ओझें

बर्फ दिसावयास कापसासारखा दिसतो, आणि येथेंच नवखा मनुष्य फसतो. नुकताच पडलेला कोरडा बर्फ एका घनमीटरास साधारणपणें ५० ते १०० किलो भरतो; ओलसर बर्फ २०० ते ३०० किलोपर्यंत जातो; आणि गाडीनें लोटून दाबला गेलेला त्याहूनहि जड असतो. घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत मोटारीची जी वाट असते तिला ड्राइव्हवे असें म्हणतात. ही वाट १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद धरली, आणि तीवर २० सेंटिमीटर बर्फ पडला असें मानलें, तर एकंदर १४.४ घनमीटर बर्फ हलवावा लागतो. घनमीटरास १०० किलो धरल्यास तो १,४४० किलो होतो आणि ३०० किलो धरल्यास ४,३२० किलो. एका फावड्यांत ५ किलो बर्फ उचलला तर कोरड्या दिवशीं २८८ वेळां आणि ओल्या दिवशीं ८६४ वेळां कंबर वांकवावी लागेल. हें काम पहांटेच्या गोठविणाऱ्या थंडींत, कामावर निघण्यापूर्वीं उरकावयाचें असतें.

थंडीनें रक्तवाहिन्या आकसतात, जड वजन उचलतांना मनुष्य नकळत श्वास रोखून धरतो, आणि एरवीं खुर्चींत बसून काम करणाऱ्या देहावर हा सर्व भार एकाएकीं पडतो. क्वीबेक प्रांतांतील १९८१ ते २०१४ या काळांतील हृदयविकाराच्या नोंदी तपासून एक अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, २० सेंटिमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशीं हृदयविकाराच्या झटक्यानें मृत्यु येण्याचा संभव पुरुषांमध्यें सुमारें एक तृतीयांशानें वाढलेला असतो. स्त्रियांमध्यें तसा स्पष्ट संबंध दिसला नाहीं. फावड्याचें काम बहुधा पुरुष करतात, हें त्याचें संभाव्य कारण अभ्यासकांनीं दिलें आहे. सबब लेकाकडे गेलेल्या मामंजींनीं "एवढेंसें तर काम, मीच उरकतों" म्हणून चहापूर्वींच फावडें हातीं घेणें, यांत माया असली तरी शहाणपण नाहीं. आणि सूनबाईंनीं त्यांना अडविल्यास त्यांनीं राग मानूं नये. यंत्राची किंमत मोजतांना ही बाजूहि हिशेबांत धरली पाहिजे.

यंत्राचा पूर्वेतिहास

हें यंत्र प्रथम घरासाठीं निर्माण झालें नाहीं. कॅनडांतील आगगाड्या बर्फांत अडकून पडत; त्यावर उपाय म्हणून टोरांटोचे एक दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनीं १८६९ सालीं फिरत्या चक्राच्या बर्फनांगराची कल्पना मांडली. पुढें ऑरेंज जल या गृहस्थांनीं तींत सुधारणा केली, आणि १८८३-८४ च्या हिंवाळ्यांत असा नांगर रुळांवर चालवून पाहण्यांत आला. रस्त्यावर चालणारें यंत्र मात्र क्वीबेकच्या आर्थर सिकार यांनीं १९२५ सालीं सिद्ध केलें, आणि १९२७ सालीं माँट्रियललगतच्या ऑट्रमाँ नगरास तें विकलें. धान्य मळून पुढें फेकणारें शेतकी यंत्र पाहून त्यांना ही युक्ति सुचली, असें सांगतात. एका माणसानें मागून चालत हांकण्याजोगीं घरगुती यंत्रें अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलीं. त्यानंतर यंत्राचीं अंगें पुष्कळ सुधारलीं, पण मूळ तत्त्व तेंच राहिलें : बर्फ फोडावयाचा, ओढावयाचा आणि दूर भिरकवावयाचा.

एक टप्पा कीं दोन ?

बाजारांत मुख्यतः दोन जाती आहेत. एका टप्प्याच्या यंत्रांत रबरी कडांचें एकच पातें असतें. तेंच बर्फ खरवडतें आणि तेंच तो वर फेकतें. पातें जमिनीस टेकत असल्यामुळें फरसबंदी स्वच्छ निघते. यंत्र हलकें असतें, कोपऱ्यांत मावतें आणि किंमतीलाहि बेताचें पडतें. परंतु सुमारें आठ इंचांपलीकडे किंवा कठीण झालेल्या बर्फापुढें त्याची मात्रा चालत नाहीं. खडीच्या वाटेवर तर तें चालवूंच नये. तें बर्फाबरोबर खडेहि भिरकावील, आणि ते शेजाऱ्याच्या खिडकीवर जातील.

दोन टप्प्यांच्या यंत्रांत पुढें लोखंडी मळसूत्री पातें असतें, त्यास ऑगर म्हणतात. तें बर्फ फोडून मध्यभागीं ओढतें. त्याच्या मागें वेगानें फिरणारा पंखा, म्हणजे इंपेलर, तो बर्फ उचलून वरच्या धुरांड्यासारख्या तोंडांतून दूर फेकतो. चाकेंहि इंजिनाच्या बळानेंच फिरत असल्यामुळें यंत्र ढकलावें लागत नाहीं, केवळ वळवावें लागतें. पातें जमिनीपासून किंचित् उंच ठेवतां येतें, म्हणून खडीवरहि तें चालतें. अलीकडे तीन टप्प्यांचीं यंत्रेंहि निघालीं आहेत. त्यांत मधोमध आणखी एक मळसूत्र बर्फ जलद आंत लोटतें. ओल्या, जड बर्फांत त्याचा वेग चांगला असतो. पण जितके भाग अधिक तितकी निगाहि अधिक, हें ध्यानांत ठेवावें.

कोणती जात घ्यावी हें ठरविण्यासाठीं बहुतेक लोक वर्षाकाठीं किती बर्फ पडतो तें पाहतात. बफेलोस वर्षाला सरासरीनें सुमारें ९५ इंच बर्फ पडतो आणि मिनिआपोलिसला सुमारें ५० इंच. माँट्रियलला दोन मीटरांच्या आसपास आणि टोरांटोला त्याहून पुष्कळ कमी. परंतु हा आंकडा अर्धेंच सत्य सांगतो. नोव्हेंबर २०१४ मध्यें ईरी सरोवरावरून आलेल्या वाऱ्यानें बफेलोच्या दक्षिणेकडील उपनगरांवर पांच फुटांहून अधिक बर्फ ओतला, आणि त्याच वेळीं कांहीं मैल उत्तरेस तो थोडे इंचच होता. सरोवरावरून येणारा बर्फ असा अरुंद पट्ट्यांत कोसळतो. तेव्हां शहराच्या सरासरीपेक्षां आपल्या गल्लींत दहा-वीस हिंवाळे काढलेल्या शेजाऱ्याचें म्हणणें अधिक मोलाचें मानावें.

खरी परीक्षा वाटेच्या तोंडाशीं

यापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, यंत्राची परीक्षा ड्राइव्हवेच्या मध्यावर होत नाहीं. ती रस्त्याला मिळणाऱ्या त्याच्या तोंडाशीं होते. नगरपालिकेची नांगराची गाडी रस्ता साफ करीत जाते आणि बाजूस लोटलेल्या बर्फाचा बांध प्रत्येक घरापुढें टाकून जाते. हा बर्फ दाबलेला, मीठ लागून ओला झालेला, आणि पुष्कळदां ढेकळांचा असतो. रात्रभर राहिला तर तो दगडासारखा होतो. मोकळ्या वाटेवर डौलानें चाललेलीं दुबळीं यंत्रें येथें येऊन थबकतात. म्हणून आमचें मत असें कीं, यंत्र निवडतांना "येथें किती बर्फ पडतो ?" याऐवजीं "नांगर माझ्या दारापुढें काय टाकून जातो ?" हा प्रश्न प्रथम विचारावा. ज्याची वाट आंखूड व फरसबंद आहे आणि ज्याच्या गल्लींत नांगराचा बांध मोठा होत नाहीं, त्याला एका टप्प्याचें यंत्र पुरे. ज्याच्या दारापुढें दरवेळीं गुडघाभर बांध उभा राहतो त्यानें वर्षाचे इंच मोजीत न बसतां दोन टप्प्यांचें यंत्र घ्यावें.

या बांधावर एक बिनखर्ची तोडहि आहे. अमेरिकेंत व कॅनडांत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात. म्हणून आपण वाटेंत रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलों तर नांगर आपल्या डाव्या हाताकडून येतो. वाटेच्या तोंडाच्या डाव्या अंगास, रस्त्याच्या कडेनें, कांहीं फूट जागा आधींच मोकळी करून ठेवावी. नांगराच्या पात्यावरचा पुष्कळसा बर्फ मग त्या खळग्यांत पडतो, आणि दारापुढें येणारा बांध लहान होतो.

बळाचा हिशेब

विक्रेता इंजिनाच्या आकाराचा मोठा आंकडा सांगतो. हल्लीं तो अश्वशक्तीपेक्षां घनसेंटिमीटरांत, म्हणजे सी. सी. मध्यें, अधिक करून दिलेला असतो. हा आंकडा एकटा पाहूं नये. यंत्राच्या मुखाची रुंदी त्याच्याशेजारीं मांडावी. २५० सी. सी. चें इंजिन २४ इंच रुंदीच्या यंत्रास लावलें तर दर इंचास १० हून थोडें अधिक सी. सी. येतात; तेंच इंजिन ३० इंचांच्या यंत्रास लावलें तर ८ च्या जवळ येतात. दुसरें यंत्र हलक्या बर्फांत कमी फेऱ्यांत काम उरकील खरें; पण नांगराच्या बांधापुढें पहिलेंच सरस ठरेल. रुंद मुखाचा मोह धरणाऱ्यानें त्या मानानें मोठें इंजिनहि घ्यावें, नाहीं तर थोड्या कमी रुंदीवर समाधान मानावें. दोन गाड्यांच्या साधारण वाटेला २४ ते २८ इंचांचें यंत्र बहुधा पुरेसें होतें.

इंजिनाइतकेंच पंख्याकडेहि लक्ष द्यावें. पंखा मोठा असेल आणि त्याच्या व बाहेरील कवचाच्या मधली फट लहान असेल, तर ओला बर्फ मागें न घसरतां दूर जातो. फट मोठी असेल तर तोच बर्फ धुरांड्यांत तुंबतो. यंत्र चढणीवर चालवावयाचें असेल तर चाकांची पकड पाहावी. उभ्या उतारासाठीं चाकांऐवजीं रबरी पट्ट्यांवर चालणारीं यंत्रेंहि मिळतात. दोन्ही चाकें स्वतंत्रपणें वळविण्याची सोय असली तर घरांतील स्त्रियांनाहि तें वळविण्यास सुलभ जातें. ही सोय चैनीची समजूं नये, कारण यजमान परगांवीं असतांनाच बर्फ अधिक पडतो असा पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

टिकाऊपणा कोठें असतो ?

रंग, दिवा आणि मुठी गरम ठेवण्याची सोय या गोष्टी दुकानांत डोळ्यांत भरतात; टिकाऊपणा मात्र न दिसणाऱ्या जागीं असतो. सर्वांत आधीं ऑगरच्या मधोमध असलेली गिअरची पेटी पाहावी. ती ओतीव लोखंडाची आहे कीं ॲल्युमिनिअमची, तींत तेल घालतां येतें कीं ती कायमची बंद केलेली आहे, हें विचारावें. दुसरें, दांडा ज्यांवर फिरतो ते आधार गोळ्यांचे, म्हणजे बॉल-बेअरिंगचे, आहेत कीं नुसत्या प्लॅस्टिकच्या वेढ्याचे आहेत तें पाहावें. तिसरें, पुढचें कवच व धुरांडें किती जाड पत्र्याचें आहे तें हातानें दाबून पाहावें. चौथें, खालच्या घसरपट्ट्या आणि खरवडणारी पट्टी झिजल्यावर बदलतां येतात कीं नाहीं याची खात्री करावी. त्या झिजावयाच्याच असतात, आणि त्यांनीं झिजून वरचें कवच वांचवावें हाच त्यांचा हेतु असतो.

याच न्यायानें शिअर पिन नांवाच्या लहानशा खिळ्याचें महत्त्व ओळखावें. ऑगरमध्यें दगड, गोठलेलें वर्तमानपत्र किंवा लांकूड अडकलें तर हा मऊ धातूचा खिळा प्रथम तुटतो आणि मोलाची गिअर-पेटी वांचते. तो वारंवार तुटतो म्हणून कंटाळून त्या जागीं साधा पोलादी बोल्ट बसविणें म्हणजे थोड्या पैशांच्या खिळ्यासाठीं शेंकडो डॉलरांची पेटी पणास लावणें होय. यंत्राबरोबरच त्याच मापाचे चार-सहा खिळे घेऊन ठेवावेत. शेवटचें, सुटे भाग आणि दुरुस्ती जवळपास मिळते कीं नाहीं हें खरेदीपूर्वींच पाहावें. जानेवारीच्या वादळांत दूरच्या शहरांतून यावयाच्या पट्ट्याची वाट पाहणें, हा टिकाऊ यंत्राचाहि पराभव आहे.

विजेच्या यंत्रांविषयींहि आतां विचार करावा लागतो. बॅटरीवर चालणारीं यंत्रें आवाज कमी करतात, धूर सोडीत नाहींत आणि दोरी ओढून सुरू करण्याचे कष्ट वांचवितात. लहान वाटेसाठीं तीं सोयीचीं आहेत. परंतु थंडींत बॅटरीची शक्ति घटते, म्हणून ती घरांत उबेला ठेवून कामाच्या वेळींच बसवावी. आणि लांब वाटेच्या जड बर्फांत ती मध्येंच संपूं शकते, हें गृहीत धरावें.

हात आणि प्राण

या यंत्रानें होणाऱ्या अपघातांत हाताच्या बोटांची हानि ठळक आहे, आणि ती होण्याची रीत जवळजवळ ठरलेली असते : धुरांड्यांत ओला बर्फ तुंबतो, मनुष्य घाईंत असतो, आणि हात आंत घालतो. इंजिन बंद केलें तरीहि अडकलेल्या पंख्यांत व पट्ट्यांत ताण शिल्लक राहूं शकतो. बर्फ सुटतांच पंखा एकदां झटकन् फिरतो, आणि बोटें जावयास तेवढें एक फिरणें पुरतें. म्हणून इंजिन बंद करून, सर्व भाग थांबूं देऊन, काठीनें किंवा यंत्रासोबत मिळणाऱ्या दांड्यानेंच बर्फ काढावा. हात कोणत्याहि कारणानें आंत घालूं नये. लोंबणारे उपरणें, शाल वा गळपट्टा यंत्राजवळ नकोत, आणि मुलांना त्याच्या आसपास फिरकूं देऊं नये. पेट्रोलचें यंत्र मोटारखान्यांत, दार उघडें असलें तरी, सुरू करून ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं कीं वास नाहीं, आणि तो घरांत शिरून झोंपलेल्यांचे प्राण घेऊं शकतो. ज्याला हृदयविकार आहे त्यानें यंत्र आहे म्हणून निर्धास्त होऊं नये. यंत्र वळविण्यासहि जोर लागतो आणि थंडी तीच असते.

वर्षभराची निगा

यंत्र जुनें होतें तें वापरानें कमी आणि उन्हाळ्यांत पडून राहिल्यानें अधिक. तिकडील पेट्रोलमध्यें सामान्यतः दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओल शोषून घेतें, आणि महिनोन्महिने सांचून राहिलेलें पेट्रोल कार्ब्युरेटरचीं बारीक छिद्रें बुजवितें. नव्या हिंवाळ्याच्या पहिल्या वादळांत जीं यंत्रें सुरू होत नाहींत, त्यांपैकीं पुष्कळांची कथा इतकीच असते. म्हणून एप्रिलमध्यें एक तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत, नाहीं तर ताज्या पेट्रोलमध्यें तें टिकविणारें औषध घालून इंजिन थोडा वेळ चालवावें. इंजिनाचें तेल बदलावें, गिअर-पेटींतील तेल पाहावें, आणि पात्यांवरचें मीठ धुवून, पुसून त्यांवर तेलाचा हात फिरवावा. ऑक्टोबरमध्यें पट्टे तपासावेत, घसरपट्ट्यांची उंची लावावी आणि एकदां इंजिन सुरू करून पाहावें. एवढी निगा राखली तर चांगलें यंत्र वीस वर्षें काम देणें असंभवनीय नाहीं.

खरेदी करण्यापूर्वीं कुटुंबानें एकत्र बसून कांहीं प्रश्नांचीं उत्तरें कागदावर मांडावींत. वाट किती लांब-रुंद आहे, फरसबंद आहे कीं खडीची, दारापुढें बांध किती होतो, यंत्र ठेवावयास जागा किती आहे, आणि घरांत तें चालविणारीं माणसें कोण, हे ते प्रश्न होत. पायवाट साफ करण्याची जबाबदारी कोणाची, हेंहि आपल्या गांवच्या नियमांत पाहावें. मिनिआपोलिसमध्यें एका कुटुंबाच्या घरमालकानें बर्फ थांबल्यापासून २४ तासांत आपल्या घरापुढील पायवाट मोकळी करावी, असा नियम आहे. वाट अगदीं लहान असेल, किंवा घरांत यंत्र चालविण्याजोगें कोणी नसेल, तर हंगामाचा ठराव करून हें काम दुसऱ्याकडून करून घेणें अधिक श्रेयस्कर. दोन शेजाऱ्यांनीं मिळून एक चांगलें यंत्र घेण्यासहि हरकत नाहीं. मात्र आधीं कोणाची वाट साफ व्हावयाची आणि दुरुस्तीचा खर्च कसा वांटावयाचा, हें बर्फ पडण्यापूर्वींच ठरवावें.

दोन टप्प्यांच्या चांगल्या यंत्राला हजार डॉलरांहून अधिक पडतात, आणि ते पहिल्या वर्षीं जड वाटतात. परंतु जें यंत्र वाटेच्या तोंडावरचा बांध फोडूं शकत नाहीं, तें दोन हिंवाळे हौसेनें वापरून शेवटीं अडगळींत जातें, आणि फावडें पुन्हां घरांतील वडिलांच्याच हातीं येतें. म्हणून घ्यावयाचें तें आपल्या दारच्या सर्वांत कठीण बर्फाच्या मापाचें घ्यावें, वादळ येण्यापूर्वीं घ्यावें, आणि तें चालविण्याची व बंद करण्याची रीत घरांतील प्रत्येक जाणत्या माणसाला शिकवून ठेवावी.